लाल कुठून आणलास?

अंबाजोगाई

चिरंजीव भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

रात्री ताईचा फोन आला. गेवराईच्या शेतातल्या कापसाच्या फुलाचा फोटो तू स्पर्धेला पाठवतोयस म्हणे, तोही ब्लॅक अँड व्हाइट विभागात. बाकी सगळं काळंपांढरं आणि फूल तेवढं लालभडक! नियम वाचलेस का? फियाप या जागतिक छायाचित्रण महासंघाच्या व्याख्येत अख्ख्या फोटोला एकच छटा दिली तर तो एकरंगी. एखाद्याच भागाला रंग दिला, की तो रंगीत. हेच नियम तिथे असतील तर प्रवेशिका बाद.

आणि लाल कुठून आणलास? आपल्या बीटी कापसाचं फूल उमलतं त्या दिवशी पांढरट पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. तुझे आजोबा बांधावरून सांगायचे, हे आजचं, ते कालचं. नातवानं त्याची जास्वंद केली!

स्पर्धेच्या फीचं काही नाही. कच्चा फोटो रंगानं झाकायची सवय लागेल, ही मामाची धास्ती. लाल फूल आणि हिरवं पान काळ्यापांढऱ्यात पुष्कळदा सारख्याच राखाडीत उतरतात, फूल पानात हरवतं, मग पोरं घाईघाईनं रंग परत आणतात. त्याआधी फोटो काळापांढरा करतानाच लाल, पिवळा, हिरवा हे स्लायडर हलवून बघ. लाल वाढवला की लाल-गुलाबी पाकळी उजळते, हिरवा उतरवला की पान गडद होतं. फिल्मच्या काळात हेच काम भिंगापुढची रंगीत काच करायची. एवढ्यानं फूल उठून दिसलं, तर रंग कशाला?

तरी हवाच असेल, तर मूळ रंगीत फोटोवर काळापांढरा लेयर ठेव, त्याला मास्क लाव आणि फुलापुरता मऊ काळा ब्रश फिरव. खालचा खरा रंग वर येईल. ब्रश बाहेर गेला तर पांढऱ्यानं झाक. कडा मोठ्या करून तपास. पाकळीची झाक देठावर पडली असेल, तर तीही हलकी राहू दे. शेवटी सॅच्युरेशन थोडं उतरव.

रंगाचा मोह थोरामोठ्यांनाही पडला. ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीत काढल्या, रंग मनासारखे उतरले नाहीत. १९९३च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये स्पीलबर्गनं काळ्यापांढऱ्या गर्दीत एका मुलीचा कोट लाल ठेवला, कारण नजर तिच्याकडेच जायला हवी होती. तुझ्या लालकडे नजर जाते, फुलाकडे नाही.

मामाच्या कॉलेजच्या दिवसांत इथल्या एका स्टुडिओत एक म्हातारे चित्रकार लग्नाच्या फोटोत कुंकू, शालूचा काठ, वेणीतली फुलं हातानं रंगवायचे. रंग इतका पातळ, की खालची सावली दिसत राहायची. “शीक,” म्हणायचे. मामाला वाटायचं, रंगीत रोल आलाय, आता हे कोण विचारतो! ते गेले. आजीच्या फोटोतली अबोली कशी रंगवली, हे सांगणारं आता कुणी नाही.

असो, मामा फार बोलला. ताईनं फोटो धाडलाय, सकाळपासून तो उघडून बघणं चाललंय. मुडपलेल्या पाकळीतला उजेड तू पकडलास, तो मामाला तुझ्या वयात दिसला नसता. गुलाबीच ठेव आणि रंगीत विभागात पाठव. फी ताईकडे मागू नकोस, मामा पाठवतोय. मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणे; मामी शेंगदाण्याची चटणी एसटीनं धाडतेय, डबा तेवढा उतरवून घे. पळस फुलले की कॅमेरा घेऊन ये. गुडघे दुखले तरी मामा स्कूटर काढेल.

तुझा,
मामा