गाभण बकरीचा खुराक: शेवटचे ५० दिवस आणि पिल्लं पिताना



मृगात लागलेल्या बकऱ्यांना नवरात्राच्या तोंडावर शंभर दिवस होतात. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, म्हणजे दिवाळीच्या आसपास त्या विणार. खुराक वाढवायचा तो आता. व्याल्यावर वाढवू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

पिल्लाची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या ६-७ आठवड्यांत होते. आपल्या बेरारी बकरीला जुळं काही नवं नाही. दोन पिल्लं वाढली की पोटातली जागा तीच अडवतात आणि कोठीपोट दबतं. मग कुटार कितीही पुढ्यात टाका, तिला तेवढं खाताच येत नाही. पोट गच्च दिसते, पण आतून बकरी उपाशी असते. म्हणून थोडक्यात जास्त ताकद देणारा खुराक लागतो.

तो मिळाला नाही तर ती अंगातली चरबी जाळते. त्यातून तयार होणारे विषारी घटक रक्तात साचतात, भूक आणखी मरते. डॉक्टर याला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतात. यात बकरी जाते आणि पोटातली पिल्लंही. सुरुवातीपासून खाऊ घालून लठ्ठ केलेल्या बकरीलाही हाच धोका, हे पुष्कळांना पटत नाही. पाठीच्या कण्यावर हात फिरवून पाहा. हाडं टोचली तर रोड, दाबूनही लागली नाहीत तर लठ्ठ.

१० किलो खुराक घरीच करा: मक्याचा भरडा ४ किलो, ढेप अडीच किलो (सरकी किंवा फल्ली), तूर चुनी ३ किलो ४०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. शंभराव्या दिवशी रोज १०० ग्रॅमपासून सुरू करा, दोन आठवड्यांत २५० ग्रॅमवर न्या. जुळं वाटत असेल तर शेवटचे तीन आठवडे ३०० ते ३५० ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ दोन भागांत द्या. क्षारमिश्रण वेगळं, रोज १० ग्रॅम. सोबत तूर किंवा हरभऱ्याचं कुटार आणि शेवरी, दशरथ घास असा हिरवा पाला. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. बुरशी आलेली ढेप स्वस्तात मिळाली तरी नको, गर्भ पडू शकतो.

धरमपेठ, गोकुळपेठ, फुटाळा भागातल्या सभासदांना खास सांगणं: लग्नाचा, हॉटेलचा उरलेला भात आणि पोळ्या गाभण बकरीला टोपलंभर टाकू नका. फुकटचं दिसते, पण कोठीपोटात आम्ल होऊन बकरी एका रात्रीत आडवी पडते.

आंत्रविषाराची लस विण्याच्या ३-४ आठवडे आधी डॉक्टरांकडून टोचून घ्या. तिची ताकद चिकातून पिल्लांना मिळते.

व्याल्यावर कोमट गूळपाणी द्या. पहिल्या दिवशी एकदम खुराक ओतू नका, ८-१० दिवसांत वाढवत न्या. हिशोब असा: अंगासाठी २५० ग्रॅम आणि दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. दूध काढत नसाल आणि दोन पिल्लं पीत असतील तर ४०० ते ५०० ग्रॅम धरा. स्वच्छ पाणी चोवीस तास पुढ्यात हवं, पाणी कमी तर दूध कमी. पिल्लाला पहिला चीक तासाच्या आत पाजा. २ किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात एकूण २०० मिली, चार-पाच वेळा करून.

शेवटच्या महिन्यात बकरी खुराक सोडते, कळपापासून दूर उभी राहते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो, तर उद्यावर ढकलू नका. गिळत असेल तरच थोडं गूळपाणी पाजा, आडवी पडली असेल तर तोंडात काही ओतू नका. १९६२ वर फोन लावा किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. शहरातल्यांना सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. गाभण किती दिवसांची आणि काय खात होती, हे डॉक्टरांना आधी सांगा.

क्षारमिश्रणाची एकत्र मागणी नोंदवत आहोत. गाव, गाभण बकऱ्या किती आणि अंदाजे विण्याचा महिना एवढं याच नंबरवर लिहून पाठवा. माल धरमपेठ कार्यालयातून मिळेल.