जुन्या मालमोटारीचा डिझेल पंप

उद्दिष्टे
या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्ही –
• डिझेल पंपाचे कार्य स्पष्ट करू शकाल;
• त्याच्या दुरुस्तीचे टप्पे क्रमाने सांगू शकाल;
• कारागिराच्या सचोटीचे महत्त्व विशद करू शकाल.

प्रास्ताविक
घाटात धापा टाकत, काळा धूर सोडत चाललेली जुनी मालमोटार तुम्ही पाहिली असेल. ‘पंप गेला,’ असे चालक म्हणतो. परंतु खरोखर पंपच बिघडला आहे का? आणि बिघडला असल्यास तो नीट करणे म्हणजे नेमके काय करणे? या प्रश्नांची उत्तरे आपण या पाठात शोधू या.

पंपाचे कार्य
डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन इतकी तापते, की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये असे इंजिन यशस्वीरीत्या चालवून दाखवले. पुढे १९२७ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीने इंधन-पंपांचे उत्पादन सुरू केले आणि मालमोटारींत डिझेल इंजिन बसवणे सुकर झाले. भारतात १९५१ मध्ये बंगळूर येथे ‘मायको’ कंपनी स्थापन झाली. नाशिकलाही तिचा कारखाना उभा राहिला. २००८ मध्ये तिचे नाव ‘बॉश लिमिटेड’ झाले.

जुन्या सरळ रांगेच्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक दट्ट्या व त्याची नळी असते. त्यांना प्लंजर व बॅरल आणि दोहोंच्या जोडीला एलिमेंट म्हणतात. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाइतकीच असते. माणसाचा केस तिच्या सुमारे वीसपट जाड असतो! प्लंजरवर एक तिरकी खाच असते. रॅक सरकला की प्लंजर फिरतो आणि खाचेच्या स्थितीनुसार डिझेल कमी-अधिक जाते. प्लंजरला वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून धूळ, पाणी आणि रॉकेलची भेसळ हे पंपाचे शत्रू होत.

आधी निदान, मग दुरुस्ती
पंप उतरवण्यापूर्वी डिझेल फिल्टर, एअर क्लीनर आणि नोझल तपासावेत. लाइनने हवा धरली आहे का, तेही पाहावे. धूरही बोलका असतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा अपुरी. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. गरम इंजिनातून सतत येणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो.

दुरुस्तीचे टप्पे
१. पंप बाहेरून धुऊन, टायमिंगच्या खुणा पाहून मगच उतरवावा.
२. सुटे भाग सिलिंडरच्या क्रमाने वेगवेगळ्या खणांत ठेवावेत. एका बॅरलचा प्लंजर दुसऱ्यात कधीही घालू नये.
३. भाग स्वच्छ डिझेलने धुवावेत. धागे सुटणाऱ्या चिंधीने पुसू नयेत.
४. धुतलेला प्लंजर तिरप्या धरलेल्या बॅरलमधून थोडा बाहेर ओढून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश आत सरकला पाहिजे. अडकल्यास किंवा खाचेजवळ झिजून निस्तेज दिसल्यास संपूर्ण जोडी बदलावी.
५. डिलिव्हरी व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, बेअरिंग व सील तपासावेत.
६. पंप टेस्ट बेंचवर चढवावा. चार सिलिंडरांच्या पंपात दर ९० अंशांनी, तर सहांच्या पंपात दर ६० अंशांनी डिझेल सुटले पाहिजे. मग प्रत्येक नळीतून येणारे माप निर्मात्याच्या तक्त्याशी जुळवावे. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.
७. पंप टायमिंगवर बसवून लाइनमधील हवा काढावी.

सावधान! नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो कातडी भेदून आत शिरतो. अशी इजा वरून किरकोळ दिसली, तरी त्वरित डॉक्टरांकडे जावे.

सचोटीची कसोटी
कॅलिब्रेशन झाल्यावर चालक म्हणतो, “मिस्त्री, थोडं डिझेल वाढवून द्या. गाडी चढणीला दम धरत नाही.” स्क्रू फिरवणे मिनिटभराचे काम, गिऱ्हाईकही खूश होणार. परंतु हवा तेवढीच राहिली, तर जादा डिझेल जळणार कसे? त्याचा धूर होतो, पिस्टन अतिरिक्त तापतात आणि ॲव्हरेज घटते. रस्त्याकडेच्या शाळेतील मुले तो धूर श्वासात घेतात, ती वेगळीच.

जाणता कारागीर म्हणतो, “दादा, पंपाचं माप बरोबर आहे. एअर क्लीनर एकदा उघडून पाहू.” धुळीने गच्च भरलेला क्लीनर साफ होतो आणि गाडी मोकळा श्वास घेते. गव्हर्नरवरचे सील शिशाचे असते, पण त्यामागे कारागिराचा शब्द असतो.

शब्दार्थ
निदान – बिघाडाचे कारण ओळखणे
निस्तेज – चकाकी नसलेला
सचोटी – प्रामाणिकपणा

स्वाध्याय
१. प्लंजर व बॅरल यांची अदलाबदल का करू नये?
२. काळ्या धुराची दोन कारणे लिहा.
३. ‘शिशाच्या सीलमागे कारागिराचा शब्द असतो’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या व्यवसायात गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणे योग्य ठरेल, असा एखादा प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.