शक्तिविवर्धकातील विकृती आणि तिचे निवारण

वाराणसीच्या गंगातीरावर मुन्शी घाट आहे. नागपूर दरबारातील श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो १८१२ मध्ये बांधविला; मराठी वाचकाला तो परका वाटू नये. कार्तिकी पौर्णिमेला देवदीपावलीनिमित्त येथल्या घाटांवर पणत्या उजळतात, तेव्हा पाय ठेवण्यास जागा उरत नाही. त्या गर्दीत असंख्य लोक एकाच वेळी मोबाइलवरून बोलत असतात. कोणी नाव ठरवीत असतो, तर कोणी चुकामूक झालेल्या आईचा शोध घेत असतो. त्यांच्यासाठी आलेले अनेक संदेश मनोऱ्यावरील एकाच प्रेषकातून बाहेर पडतात. ते एकमेकांत कालवले जाऊ नयेत यासाठी काय करावे लागते, ते या प्रकरणात पाहू.

प्रेषकातील मूळ संकेत फार क्षीण असतो. त्याला अंतर कापण्याइतके बळ देणाऱ्या साधनास शक्तिविवर्धक, व्यवहारातल्या भाषेत ॲम्प्लिफायर, म्हणतात. आदर्श विवर्धक तरंगाची उंची वाढवील, परंतु त्याचा आकार बदलणार नाही. समजा, आत १ दिले असता बाहेर १० मिळतात. मग २ दिल्यास २०, ३ दिल्यास ३० व ४ दिल्यास ४० मिळावयास हवेत. प्रत्यक्षात मात्र २ पर्यंत हिशेब जुळतो. ३ ला २८ व ४ ला ३४ च मिळतात आणि पुढे कितीही दिले तरी ३५ वर मजल जात नाही. विवर्धकाला होणारा वीजपुरवठा मर्यादित असल्याने हे घडते. या अवस्थेस संपृक्तता म्हणतात. तरंगांचे शेंडे असे दबले म्हणजे विकृती निर्माण होते.

हिची झळ केवळ मूळ संदेशाला लागत नाही. ९०० व ९०१ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचे दोन तरंग अशा विवर्धकातून एकत्र गेले, की ८९९ व ९०२ मेगाहर्ट्‌झचे नवे तरंग जन्मास येतात. ते शेजारच्या वाहिनीत शिरतात आणि ज्याचा या व्यवहाराशी काहीच संबंध नाही, त्याच्या संभाषणात व्यत्यय आणतात.

यावर सोपा उपाय म्हणजे विवर्धकाला त्याच्या कुवतीपेक्षा पुष्कळ कमी काम देणे. परंतु तो महाग पडतो. १ ऑक्टोबर २०२२ रोजी एअरटेलने पाचव्या पिढीची सेवा ज्या आठ शहरांत सुरू केली, त्यांत वाराणसी व नागपूर ही दोन्ही होती. या सेवेत १०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ३,२७६ पर्यंत उपतरंग एकत्र पाठविता येतात. त्यांतील पुष्कळसे योगायोगाने एकाच क्षणी उंचावले, की मोठे शिखर तयार होते. अशी शिखरे विरळा; पण केवळ त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली, तर एरवी सर्व काळ वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

दुसरा उपाय अमेरिकन अभियंता हॅरल्ड ब्लॅक याने शोधला. २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेत त्याला तो सुचला व हाताशी असलेल्या वृत्तपत्रावर त्याने तो टिपून ठेवला. बाहेर पडणाऱ्या संकेताचा अल्पांश उलटवून पुन्हा आत आणावयाचा, म्हणजे चूक आपोआप कमी होते. ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणून ही रीत प्रसिद्ध आहे. तारेवरील दूरध्वनीला ती वरदान ठरली. परंतु अतिशीघ्र बदलणाऱ्या बिनतारी संकेताच्या बाबतीत तो अंश फिरून आत येईपर्यंत मूळ संकेतच बदललेला असतो.

म्हणून आता चूक घडण्यापूर्वीच तिची भरपाई करतात. वरील उदाहरणात ३० हवे असतील, तर ३ ऐवजी सुमारे ३.३ द्यावे. विवर्धक जेवढे दाबणार, तेवढे आधीच फुगवून ठेवावयाचे. काट्याने काटा काढावा तसे. हिला पूर्वविकृती म्हणता येईल. पण विवर्धकाचा स्वभाव स्थिर नसतो. तो तापला की बदलतो, आणि क्षणापूर्वी त्यातून काय गेले याचाही त्यावर परिणाम होतो. यासाठी बाहेर पडणाऱ्या संकेताचा नमुना घेऊन तो इष्ट संकेताशी ताडून पाहतात व त्यानुसार भरपाईचे प्रमाण वेळोवेळी सुधारतात. गणनयंत्र हे काम अविरत करीत असते.

तथापि या युक्तीलाही सीमा आहे. विवर्धक ३५ च्या वर जाणारच नसेल, तर ४० मिळविण्यासाठी आत काहीही दिले तरी ते व्यर्थ होय. म्हणून अतिउंच शिखरे विवर्धकात शिरण्यापूर्वीच बेताने उतरविली जातात. त्यात मूळ संदेश किंचित बिघडतो. पण तो बिघाड आपल्याच वाहिनीत राहील, शेजाऱ्यापर्यंत पोहोचणार नाही, अशी योजना करता येते. पूर्वविकृतीने वाकलेले सरळ करता येते. जे कुवतीबाहेरचे आहे ते मात्र आधीच आवरावे लागते.