पलटी म्हणजे दोन नांगर

पलटी नांगर घ्यायचं ठरवलंस आणि दुकानात जायच्या आधी मला फोन केलास, हे बरं केलंस. मेक कुठला घेऊ, दोन फाळी बरा की तीन फाळी, असे दोन प्रश्न एका दमात विचारलेस. सांगतो. पण आधी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेव. पलटी हा एक नांगर नाही, एकाच लोखंडी दांडीला उलटसुलट जोडलेले दोन नांगर आहेत. एक माती उजवीकडे लोटतो, दुसरा डावीकडे. म्हणून घेताना दोन बघायचे, जुळवताना दोन जुळवायचे, फाळ बदलताना दोन्हीकडचे बदलायचे. माझ्या ज्या चुका झाल्या, त्या सगळ्या हे विसरल्यामुळे झाल्या.

पलटी लागतोच कशाला?

आपल्या पलूस भागाला नांगराचं अप्रूप नाही. औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती नांगराच्या कारखान्यासाठीच. त्याआधी बेळगावला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून दोन वर्षं कुणी तो घेईना, असं सांगतात. लाकडी नांगर माती नुसती फाडतो, उलटी करत नाही. लोखंडी नांगराच्या वळणदार पात्यानं माती उलटी व्हायला लागली, आणि खालची हरळी उन्हात आली.

पुढे ट्रॅक्टर आला, पण नांगर एकतोंडीच होता. माती कायम उजव्या अंगाला टाकायचा. मग जाताना एकीकडं आणि येताना दुसरीकडं माती पडायची, म्हणून रानाचे पट्टे पाडून वळसे घालत नांगरावं लागायचं. शेवटी पट्ट्याच्या मधोमध चर राहायचा किंवा उंचवटा. ओढ्याकडच्या रानात तुझ्या आजोबांच्या वेळचा असा एक चर मी वीस वर्षं बघितला. पाऊस झाला की त्यात पाणी तुंबायचं आणि तेवढ्या ओळीतला शाळू पिवळा पडायचा.

पलटीनं हे संपलं. कडेला पोचलास की नांगर उलटायचा आणि त्याच तासाला लागून परत यायचं. माती दोन्ही खेपांना एकाच अंगाला पडते, रान सपाट राहतं. हिशेबही बघ. दोन फाळी, 12 इंची नांगर एका खेपेला साधारण 2 फूट रुंदी धरतो. शंभर मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद असं एकराचं रान घेतलं, तर साठ-पासष्ट खेपा होतात आणि तेवढीच वळणं. दर वळणाला लांबचा फेरा वाचला तर डिझेल किती वाचेल, ते तूच काढ.

चढउताराच्या रानात तर पलटीला तोड नाही. उताराला आडवं नांगर आणि माती दोन्ही खेपांना वरच्या अंगाला टाक. एकतोंडी नांगराची निम्मी माती खाली जायची. वरच्या टप्प्यात मुरूम उघडा पडलेली रानं तू पाहिलीसच.

ट्रॅक्टर बघून नांगर

दोन फाळी की तीन फाळी, हे तुझ्या हौसेवर नाही, ट्रॅक्टरवर ठरतं. दोन फाळी हायड्रोलिक पलटीला 45 ते 50 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर हवा. तीन फाळीला आपल्या काळ्या रानात 55-60 च्या खाली जाऊ नकोस. फाळ दुप्पट असल्यानं हा नांगर एकतोंडीपेक्षा पुष्कळ जड असतो. उचलला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. पुढं वजनं लावल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस. नांगर उलटायला हायड्रोलिकचं तेल लागतं, म्हणून ट्रॅक्टरच्या मागं त्यासाठी जादा व्हॉल्व्ह आहे का, पाइपाचे जोड जुळतात का, हे पैसे मोजायच्या आधी बघ.

मेकचं म्हणशील, तर फाळ आणि बोल्ट तालुक्याच्या गावात मिळतात तो मेक चांगला. ऐन मार्चमध्ये एका फाळासाठी चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला, की नांगराचा रंग कुणी विचारत नाही.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. आपल्या भावकीत एकानं हौसेनं आधी नांगर आणला आणि मग अर्ज भरला. नांगर आहे, अनुदान नाही. पैसेही रोख देऊ नकोस, आपल्या खात्यातून दे आणि पक्कं बिल घे.

जुना घेणार असशील तर

माझा पहिला पलटी जुना होता. रंग ताजा, पाती चकचकीत, भावही बरा वाटला. नांगरायला लागलो तर जाताना वीतभर तास पडायचा आणि येताना चार बोटं. रान नांगरून झालं तेव्हा पायऱ्या पाडल्यासारखं दिसत होतं. आठ दिवस मी ट्रॅक्टरलाच शिव्या देत होतो. शेवटी वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी टेप लावला. वरच्या आडव्या दांडीपासून फाळाच्या टोकापर्यंत एका बाजूला मोजलं, मग नांगर उलटवून दुसऱ्या बाजूला. दीड इंचाचा फरक! कधीतरी दगडात अडकून एक पाय वाकलेला होता आणि वरून रंग मारलेला.

तेव्हापासून जुना नांगर बघायला जाताना माझ्या खिशात टेप आणि सुतळी असते. दोन्ही बाजूंचं माप घ्यायचं. पुढच्या फाळाच्या टोकापासून मागच्या फाळाच्या टोकाला सुतळी धरायची आणि तेच अंतर उलट्या बाजूला जुळतंय का बघायचं. नांगर ज्या खिळीवर फिरतो तिथं हातानं हलवून बघ. खडखडला तर बुश गेलेत. सिलिंडरच्या दांड्यावर नख फिरव. ओरखडा लागला तर आज ना उद्या तेल गळणार. वेल्डिंगच्या जागी रंग जाड दिसला की तिथंच खरवडून बघ, चिरा रंगाखालीच लपतात.

ओळंबा लावून जुळवणी

नांगर नवा असला तरी जुळवल्याशिवाय रानात घालायचा नाही. नांगरताना ट्रॅक्टर सरळ उभा नसतो. एका अंगाची चाकं तासात आणि दुसऱ्या अंगाची वर, असा तो तिरका चालतो. म्हणून जुळवणीही तशीच करायची.

ट्रॅक्टर सपाट फरशीवर घे. नऊ इंच खोल नांगरायचं असेल तर डाव्या चाकांखाली नऊ इंचांचे ठोकळे दे. नांगर खाली घे आणि गवंड्याचा ओळंबा नांगराच्या पायाशेजारी धर. पाय ओळंब्याला समांतर दिसला पाहिजे. नसेल तर नांगर ज्या बोल्टवर येऊन टेकतो तो बोल्ट आत-बाहेर कर. मग ठोकळे काढून उजव्या चाकांखाली घाल, नांगर उलटव आणि दुसरा बोल्ट जुळव. पुढं-मागं नांगर सपाट बसतो का, ते टॉप लिंकनं बघायचं. पुढचा फाळ खोल आणि मागचा उथळ जात असेल तर टॉप लिंक लांब कर, उलट असेल तर आखूड कर. मागच्या दोन्ही चाकांचं मधल्या रेषेपासूनचं अंतर सारखं आणि हवा सारखी असू दे. या कामात अर्धा दिवस जातो आणि पुढचा हंगाम वाचतो.

जुळलं की नाही, हे रान सांगतं. चांगल्या पलटीचे काप कौलं घातल्यासारखे एकावर एक, एकाच अंगाला कललेले दिसतात. कुठली खेप जातानाची आणि कुठली येतानाची, हे ओळखू येता कामा नये. दोन-दोन कापांच्या जोड्या वेगळ्या दिसल्या, तर पुढचा फाळ चुकीची रुंदी धरतोय.

वाफसा बघ, मग चावी फिरव

काळं रान ओलं असताना नांगरलं तर त्याचा काप चिलमीच्या मातीसारखा तुळतुळीत पडतो, आणि उन्हानं वाळला की विटेसारखं ढेकूळ होतं. ते रोटाव्हेटरलाही दाद देत नाही. वीतभर खालची मूठभर माती घे, गोळा कर आणि कमरेच्या उंचीवरून सोड. फुटली तर वाफसा आहे. गोळाच राहिला तर घरी जा, चहा घे.

शाळू, हरभरा निघाला की लगेच नांगर. थोडी ओल असते, ट्रॅक्टरला ओढ कमी पडते आणि एप्रिल-मेचं ऊन मातीला पूर्ण मिळतं. हुमणीच्या अळ्या वर येतात. ट्रॅक्टरमागं बगळे आणि कावळे चालायला लागले की समज, तुझी फवारणी फुकटात चालली आहे. हरळी आणि कुंद्याची मुळं उन्हात वाळतात. पण हीच मुळं ओल्या रानात तोडलीस तर प्रत्येक तुकडा फुटतो, आणि तण मारायच्या ऐवजी तू त्याची लागवड करतोस.

उसाच्या खोडव्यात लांब पाचट असेल तर आधी कुट्टी कर. नाहीतर ते नांगराच्या पायात गुंडाळतं आणि दर दहा पावलांवर उतरावं लागतं. जाळू मात्र नकोस.

दरवर्षी खोल नांगरायची गरज नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा पुष्कळ झालं, मधल्या वर्षी कुळव पुरतो. दरवर्षी एकाच खोलीवर नांगरलं तर खाली तळ घट्ट होतो आणि पाणी मुरत नाही. माळाच्या हलक्या रानात तर पलटी घालूच नकोस. वरची चार बोटं माती खाली जाईल आणि मुरूम वर येईल. कोकणात नेरळकडून सुरू झालेल्या पद्धतीत भात नांगरणीशिवाय पिकवतात. नांगर घरात आहे म्हणून तो चालवलाच पाहिजे, असं नाही.

भाड्यानं दिलास तर आणि घेतलास तर

एकरावर भाडं ठरलं की ड्रायव्हर वरवर पळवतो, तासावर ठरलं की रेंगाळतो. इलाज एकच. बांधावरून हिंडताना हातात काठी ठेव, नऊ इंचांवर खूण कर आणि मधून मधून तासात उभी धरून बघ. आपला नांगर दुसऱ्याकडं गेला, तर परत आल्यावर दोन्ही बाजूंचे बोल्ट स्वतः आवळ.

जीव मोठा, काम लहान

नांगर पुरता उचलल्याशिवाय उलटवू नकोस. अर्धवट उचलून उलटवला तर टोक जमिनीला लागतं आणि पाय वाकतो. माझ्या जुन्या नांगराचं बहुधा असंच झालं असावं. उलटताना मागं कुणी उभं नको, पोरं तर नाहीतच. एवढं लोखंड क्षणात फिरतं आणि कुणाला ओळखत नाही. बोल्ट आवळायचा तर नांगर जमिनीवर टेकव, इंजिन बंद कर, मगच हात घाल. गळक्या पाइपावर बोट ठेवून गळती शोधू नकोस, दाबाचं तेल कातडीतून आत जातं.

पहिल्या तासाभरानंतर सगळे बोल्ट परत आवळ. फाळ झिजला की नांगर जमीन धरत नाही आणि लोक ट्रॅक्टर कमजोर झाला म्हणतात. दोन फाळी नांगराचे चारही फाळ एकदम बदल. दोनच बदललेस तर पुन्हा जाताना वीतभर आणि येताना चार बोटं. हंगाम संपला की पाती धुऊन त्यांना जळकं ऑइल लाव. गंजलेल्या पात्याला काळी माती अशी चिकटते की पुढच्या वर्षी नांगर नांगरत नाही, नुसती माती ढकलत नेतो.

तर नांगर घरी आला की वहिनी ओवाळतील, नारळ फुटेल, फोटो निघतील. होऊ दे सगळं. पण त्याच्या आधी टेप आणि ओळंबा बाहेर काढ, आणि दोन्ही बाजूंची मापं वहीत लिहून ठेव.