सागवानी जहाजे आणि सागाची वने

लासलगावच्या बाजारपेठेतील शेतमाल रेल्वेने व मालमोटारींनी बाहेर जातो. समुद्रापासून दूर असलेल्या या भागातील विद्यार्थ्यांना शिडाचे जहाज केवळ चित्रातच दिसते. तथापि, नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या वनांचा इतिहास या जहाजांशी निगडित आहे. लोहमार्ग येण्यापूर्वी जड इमारती लाकूड दूरवर नेण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे पाणी. ओंडके नदीच्या प्रवाहात सोडले जात आणि बंदरातून गलबतांनी मुंबईस पोहोचत.

लाकूड वाहणारी गलबते

पश्चिम किनाऱ्यावरील या व्यापारात फत्तेमारी हे गलबत प्रमुख होते. मोठी फत्तेमारी सुमारे ७५ फूट लांब असून तीत २०० टनांपर्यंत माल मावत असे. मलबारातून लाकूड आणावे आणि परतीच्या फेरीत मीठ व इतर माल न्यावा, असा तिचा क्रम होता. रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे आणि दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे यांचा मेळ घालून तांडेल किनाऱ्याच्या कडेने गलबत हाकीत असे.

पावसाळ्यात वाहतूक बंद राही. गलबते किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली जात. फळ्यांमधील सांधे कापूस व राळ यांनी बुजवले जात आणि तळास चुना व चरबी यांचा लेप दिला जाई. नारळी पौर्णिमेस दर्याची पूजा झाल्यानंतर नव्या हंगामाचे वेध लागत. या नियमित डागडुजीमुळेच लाकडी गलबते अनेक वर्षे कामास येत.

मुंबईच्या गोदीतील जहाज

१७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेले लवजी नसरवानजी वाडिया व त्यांचे वंशज यांनी येथील जहाजबांधणीस कीर्ती मिळवून दिली. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने ते पाण्यात सहसा कुजत नाही. ओक वृक्षाच्या लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागवानात तसे होत नाही.

जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात सोडण्यात आली. १८४७ ते १८५७ या काळात तिने अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत दोन दीर्घ मोहिमा केल्या. त्यानंतर ती प्रशिक्षण-नौका झाली. १८९७ मध्ये विकली गेल्यावर तिचे नाव बदलले. तरी प्रशिक्षणाचे कार्य १९८६ पर्यंत चालू राहिले. पुढे इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिची दुरुस्ती झाली, तेव्हा मूळ सागवान पुष्कळ अंशी टिकून असल्याचे आढळले. दोनशे वर्षांनंतरही ही नौका तेथे पाण्यावर तरंगत आहे.

वनांवर पडलेला भार

जहाज टिकले, परंतु वन टिकले नाही. लाकडाचा पुरवठा हाती राहावा म्हणून कंपनी सरकारने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची मलबारात वनसंरक्षक म्हणून नेमणूक केली. १८२३ मध्ये हे पद रद्द झाले व तोड पुन्हा वाढली. १८४२ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यास लागून असलेल्या डांगमधील वनांचे पट्टे भिल्ल राजांकडून घेण्यात आले. त्याच दशकात निलंबूर येथे सागाची लागवड सुरू झाली, आणि १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. पुढे पोलादी आगबोटींमुळे सागवानी जहाजांची गरज ओसरली; परंतु लोहमार्गाच्या स्लीपरांसाठी लाकडाची नवी मागणी उभी राहिली. वनसंरक्षणाची व्यवस्था आली खरी, पण ती प्रथम गोदीच्या गरजेपोटी आली. वनात राहणाऱ्यांच्या गरजांचा विचार त्या मानाने फार उशिरा झाला.

आजचा बोध

लागवडीतील साग इमारती लाकूड देण्याजोगा होण्यास सामान्यतः ५० ते ८० वर्षे लागतात. लावणारा एका पिढीचा आणि तोडणारा पुढच्या पिढीचा, असा हा व्यवहार आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाने सागाचा समावेश अनुसूचित वृक्षांत केला, त्यामागे हाच विचार आहे. शिक्षकांनी नकाशावर डांग, मलबार व मुंबई दाखवून लाकडाचा हा प्रवास वर्गात शिकवावा. ग्रामपंचायतींनीही गावातील वृक्षांची नोंद ठेवताना तोडीबरोबर नव्या लागवडीचा हिशेब मांडावा. खलाशी दरसाल आपल्या गलबताची जशी निगा राखीत, तशी निगा वृक्षांच्या वाट्यास आली, तरच पुढील पिढीस साग पाहावयास मिळेल.