तापलेले इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?

भोर, नसरापूर, वेल्हे या पट्ट्यातील आपले अनेक मणियार, बागवान व पिंजारी बांधव व्हॅनमध्ये माल घालून गावोगावचे बाजार करतात. मुलूख डोंगराळ, आणि गाडीत वजन नेहमीच जास्त. महाडहून वरंधा घाट चढताना किंवा वेल्ह्याकडचा पाबे घाट चढताना गाडी तापते, वाफ येते व बंद पडते. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला सांगतो, "शेठ, इंजिन गेलं, दुसरं टाका." या एका वाक्यावर हंगामाचे भांडवल खर्ची पडते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

उदाहरणाला मारुती ओम्नी घेऊ. १९८४ ते २०१९ पर्यंत ही गाडी बनली व आजही खेडोपाडी दिसते. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, पुढच्या सीटखाली. त्याचा ब्लॉक बिडाचा व हेड अॅल्युमिनियमचे. अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते, पण बोल्टांनी आवळलेले असल्याने त्याला जागा मिळत नाही. मग हेड वाकते व गॅस्केट जळते. म्हणजे तापलेल्या गाडीत पहिला मार हेडला बसतो, सगळ्या इंजिनाला नव्हे. इंजिन गरम असतानाच थंड पाणी ओतले तर मात्र हेडला चीर जाते. आमच्या ओम्नीला हेच झाले होते. घाईत रेडिएटरचे झाकण उघडून झऱ्याचे पाणी ओतले. हात भाजला तो वेगळाच.

तेव्हा निर्णयाआधी तपासणी. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे व सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहणे ही गॅस्केट गेल्याची खूण. हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे. तो सरळ पट्टी लावून वाक मोजतो. केसभर वाकही चालत नाही, पण थोडा असेल तर फेस मारून निघतो. मग सिलिंडरच्या भिंती पाहाव्यात. ओरखडे नसतील, क्रँक हाताने मोकळा फिरत असेल आणि खालून ठोक्याचा आवाज येत नव्हता, तर खालचे इंजिन शाबूत समजावे. पिस्टन चिकटला असेल किंवा बेअरिंग जळले असेल तर बोअरिंग, पिस्टन, रिंग असा पूर्ण खर्च येतो, आणि तेव्हाच दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा.

आता हिशेब. समजा, चालू स्थितीत गाडीचे ८० हजार येतील व बंद स्थितीत २५ हजार. हेडचे काम १२ हजारांत होत असेल तर प्रश्नच नाही. पूर्ण इंजिन बांधायला ४० हजार लागत असतील तर फायदा १५ हजारांचा, आणि त्यातून बाजार बुडालेल्या दिवसांची कमाई वजा करावी लागते. गेल्या वर्षी टायरवर काय घातले ते यात धरू नये. तो पैसा गेला. मात्र पत्रा कुजला असेल किंवा नोंदणीची १५ वर्षे संपत आली असतील तर इंजिनावर पैसा घालण्यापेक्षा गाडी आहे तशी विकणे परवडते.

भंगारातील जुने इंजिन स्वस्त वाटते, पण तेही कुणाच्या तरी गाडीत तापलेले असू शकते. आपल्यासमोर सुरू करून, तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. पावतीवर इंजिन नंबर हवाच. आर.सी. बुकात तो नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे करावी लागते. नोंद नसली तर विमा व गाडी विक्री दोन्ही अडतात. हे काम गॅरेजवाल्यावर सोडू नये.

आणि गाडी तापली का, हे शोधल्याशिवाय नवे-जुने कुठलेच इंजिन टिकत नाही. आमच्या गाडीचे हेड चिरले होते, ते बदलले. ब्लॉक चांगला निघाला. मूळ दोष होता रेडिएटरच्या नळ्यांत. वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी भरल्याने त्या क्षारांनी निम्म्या बुजल्या होत्या. रेडिएटर नवा टाकला, होज पाइप व थर्मोस्टॅट बदलला, पंखा वेळेवर सुरू होतो का ते पाहिले व पाण्याऐवजी कूलंट भरले. आता घाटात काटा वर सरकू लागला की गाडी बाजूला घेतो, आणि अर्धा तास झाकणाला हात लावत नाही.