पिलबाग की कांदेबाग? कादंबरीचं नाव ठरवण्याची कृती

साहित्य : पूर्ण झालेला खर्डा (कागदावर छापलेला, मोबाइलवरचा नव्हे), लाल पेन, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तशी एक लांबट वही आणि तीन माणसं. त्यातलं एक तुमच्या गावचं, एक सातारा-सांगलीकडचं आणि एक अजिबात कादंबऱ्या न वाचणारं. वेळ : कमीत कमी तीन आठवडे. प्रकाशकाचा 'मुखपृष्ठ करायला घेतलंय, नाव काय देताय?' असा फोन येण्याआधी सुरुवात करावी. त्या फोननंतर सुचलेली नावं पाहुण्यांसमोर घाईत ठेवलेल्या पोह्यांसारखी असतात, वरून कोथिंबीर आणि आत कच्ची.

कृती : खर्डा संपेपर्यंत नाव ठेवू नये. मी हा नियम मोडला आहे. रावेरकडच्या एका केळीवाल्या घराची गोष्ट लिहायला घेतली आणि दहाव्या पानावरच तिचं नाव 'मातीचं ऋण' ठेवलं. त्या नावानं पुढची दोन वर्षं माझ्यावर सावकारी केली. जे ते पात्र उठून मातीबद्दल बोलू लागलं. कर्जानं वाकलेला बापही बांधावर बसून ऋण-बिण म्हणू लागला. प्रत्यक्षातला तसला बाप फार तर पावतीवरची कटती बघून एक शिवी हासडेल. तेव्हा कामापुरतं काहीतरी कोरडं नाव द्यावं. माझ्या फाइलचं नाव पुढे 'रावेर-दोन' झालं आणि माणसं माणसांसारखी बोलू लागली.

खर्डा झाला की लाल पेन घेऊन सलग वाचावा, पण दुरुस्त्या करायला नव्हे. फक्त शब्द टिपायचे. कुठले? पात्रं जे शब्द अर्थ न सांगता सहज वापरतात ते. भावनेची नावं सोडून वस्तूंची, कामांची, रोगांची, हंगामांची नावं घ्यावीत. पहिल्या पन्नास पानांत फारसं मिळत नाही, कारण तिथे लेखक अजून लेखकासारखा बोलत असतो. शेवटच्या चौथाईत तो दमतो आणि खरे शब्द बाहेर पडतात. माझ्या वहीत आले ते असे : घड, दांडा, खोड, पील, चीक, करपा, चरका, ठिबक, वॅगन, मृगबाग, कांदेबाग, पिलबाग. असे साठ-सत्तर झाले की थांबावं.

मग काट मारायला घ्यावं. वेदना, संघर्ष, वादळ, अस्तित्व, सावट, पाऊलवाटा असलं काही वहीत शिरलं असेल तर आधी ते घालवावं. त्यांच्यात वाईट काही नाही, पण ती भाड्याची भांडी आहेत, प्रत्येक लग्नात जाऊन आलेली. 'चरका' मात्र मी फार दिवस धरून ठेवला होता. हिवाळ्यात कडाका पडला की केळीला चरका लागतो आणि माणसाच्या मनालाही लागतो. एका शब्दात दोन अर्थ म्हणून मी खूश होतो. पण हे दोन्ही अर्थ वाचकाला मुखपृष्ठावरच कळतात. आत जाऊन त्याला काही मिळवायचं उरत नाही, म्हणून तोही काटला.

या कृतीत खरी मेहनत पुढच्या पायरीला आहे. तिच्यासाठी आमच्या जळगाव जिल्ह्यातलंच उदाहरण घेतो. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची पहिली कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. लेखकाचं वय पंचवीस. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाची ही गोष्ट. वसतिगृह, मेस, कॉलेज, बाप, पैसे, बहिणीचा मृत्यू असं सगळं तिच्यात आहे. एखाद्याने 'सांगवी ते पुणे' असं नाव दिलं असतं आणि ते चूकही नसतं. नाव आलं 'कोसला', म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. या शब्दात पुणं नाही, कॉलेज नाही, बाप नाही. पण किडा हे घर स्वतःच्याच लाळेतून विणतो आणि त्याच्यात स्वतःला कोंडून घेतो. माणसाला अखंड धागा हवा असेल तर किडा बाहेर पडायच्या आत कोसला उकळत्या पाण्यात टाकावा लागतो. आता नायक पांडुरंग सांगवीकर त्या कोसल्यात लपलाय, वाढतोय की उकळला जातोय? पुस्तक मिटल्यावरही हा प्रश्न मिटत नाही. शिवाय 'कोसला' म्हणताना मागून 'कोसळणं' ऐकू येतं, निदान मला तरी येतं. गाव तर नायकाच्या आडनावातच आहे, ते मुखपृष्ठावर पुन्हा कशाला?

तेव्हा कसोटी अशी. वहीतला प्रत्येक शब्द घेऊन विचारावं, याचा अर्थ पहिल्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर दुसरा होतो का? ज्याचा अर्थ हलत नाही तो शब्द प्रकरणाला द्यावा, कादंबरीला नाही. नेमाड्यांची पुढची नावंही या नजरेनं बघण्यासारखी आहेत. वाचक ज्याला चांगदेव चतुष्टय म्हणतात त्या चार कादंबऱ्या म्हणजे 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल'. दोन-तीन अक्षरांची नावं, नायकाचा कुठे पत्ता नाही. बिढार कधीतरी हलवायचं असतं, हूल नुसतीच दिली जाते, झूल पोळा झाला की बैलाच्या पाठीवरून उतरते. तिन्ही शब्दांत कायमचं काही नाही, आणि गावोगावच्या नोकऱ्या करत फिरणाऱ्या प्राध्यापकाला दुसरं काय हवं?

माणसाचं नाव द्यायचंच असेल तर नातं जोडून द्यावं. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात जे पुस्तक लिहिलं त्याला नुसतं 'आई' म्हटलं असतं तर ते उपदेशाचं पुस्तक वाटलं असतं. 'श्यामची' या एका शब्दाने बघणारा कोण ते ठरलं. याच गुरुजींनी आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची प्रवचनं टिपून घेतली होती. त्या पुस्तकाचं नाव 'गीता प्रवचने', जे आत तेच बाहेर. कादंबरीला ही सोय नाही.

आता राहिलेले चार-पाच शब्द व्याकरणातून फिरवून आणावेत. ही पायरी लेखक हमखास विसरतात. लोक कादंबरीचं नाव नुसतं घेत नाहीत, त्याला प्रत्यय लावतात : अमुक'मध्ये' असं आहे, तमुक'चा' शेवट पटला नाही. किडा कोसल्यात राहतो, पण पांडुरंग राहतो 'कोसला'त. लोकांनी शब्दाचं सामान्यरूप होऊ दिलं नाही आणि तिथेच त्याचं विशेषनाम झालं. माझ्या 'पिलबाग'ची इथे पंचाईत झाली. पुण्यात बाग ती, आमच्याकडे केळीचा बाग तो. मग 'पिलबागेत' की 'पिलबागात'? मी ठरवलं, ज्याला जसं येईल तसं म्हणू दे. ह. ना. आपट्यांनी तर अख्खा प्रश्नच नाव म्हणून ठेवला, 'पण लक्षात कोण घेतो?' त्याला कुठला प्रत्यय लागणार? तरी ते शंभरावर वर्षं टिकलं. दुसऱ्या टोकाला कविता महाजनांची २००५ सालची 'ब्र', महिला सरपंचांच्या जगातली. दुकानात दोनदा म्हणावं लागतं, पण 'ब्र काढणं' हा वाक्प्रचार ज्याला माहीत आहे त्याला नाव ऐकूनच गप्प बसवलेल्या बाया दिसतात.

यानंतर परक्या माणसाकडे जावं. मी सांगलीच्या मित्राला फोनवर तीन नावं सांगितली. 'मृगबाग' ऐकून तो म्हणाला, "हरणांवर आहे का?" 'कांदेबाग' ऐकून त्याने थेट कांद्याच्या पडलेल्या भावाबद्दल सहानुभूती दाखवली. आता रावेर-यावलकडे कुणालाही विचारा. पावसाच्या सुरुवातीला लावलेली केळी ती मृगबाग आणि पावसाळा सरता सरता लावलेली ती कांदेबाग. तिच्यात कांदा औषधालाही नाही. परक्याला न कळणं हा दोष नव्हे, पण चुकीचं कळणं हा आहे. कोसला म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो कुतूहलाने आत येतो. कांदेबागवाला मात्र चुकीच्या फाट्यावर उतरतो आणि पुढची तीस पानं कांदा शोधत बसतो. 'पिलबाग'वर मित्र नुसतं "म्हणजे?" म्हणाला. मला तेवढंच हवं होतं.

नावापुढे अपूर्णविराम टाकून दुसरी ओळ लिहायचा मोह होईल. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन'ला 'अथवा' लावून हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण असं पुढे जोडलं होतं. तेव्हा वाचकाला कादंबरी हा प्रकारच नवा होता, त्याला सांगावं लागत होतं. आज दुसरी ओळ फक्त पहिला शब्द पेलवण्यापलीकडे मोठा असेल तर लावावी. नेमाड्यांच्या २०१० सालच्या कादंबरीचं नाव नुसतं 'हिंदू' असतं तर लोकांनी ते पुस्तक न उघडताच भांडण उरकलं असतं. 'जगण्याची समृद्ध अडगळ' या जोडीने त्या अवाढव्य शब्दाला घराच्या माळ्यावर आणून ठेवलं. तुमचा शब्द एवढा मोठा नसेल तर अपूर्णविराम प्रबंधवाल्यांना राहू द्यावा.

तपासणीचं काम दोन दिवसांचं. जळगावच्या व. वा. वाचनालयात किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयात बसून याद्या चाळाव्यात, जुन्या पुस्तकांसाठी शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' बघावी. आयएसबीएनसाठी अर्ज करताना नाव भरावं लागतं, तोवर ते पक्कं हवं. आधीच्या एखाद्या पुस्तकाशी नाव जुळलं तर लगेच कोर्टाची भीती नको. 'देसी बॉईज' या सिनेमाच्या नावावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. अर्थात उद्या कुणी 'कोसला' नावाची कादंबरी काढली तर त्याला वकील नव्हे, आरसा लागेल.

शेवटी आपल्या गावच्या माणसाला विचारावं. त्यालाच शेवटी का? कारण तो नाव ऐकून खर्डाच तपासतो. माझे आप्पा साठेक वर्षं केळीत. ते कादंबरी वाचत नाहीत, म्हणून मी गोष्ट तोंडी सांगितली. बाप खचून मरतो, मग शहरातला मुलगा परत येतो आणि बागाला लागतो. नाव 'पिलबाग'. जुन्या खोडाच्या बुडातून आलेलं पील राखून पुढचं पीक घ्यायचं, तसा बापामागून मुलगा. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आप्पांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "पिलबाग म्हंतो, अन् पोरगा बाप गेल्यावर येतो? असं कसं भो! घड निसवला का पील राखतात. खोड उभंच असतं तव्हा. त्याच्याच सावलीत वाढतं ते."

नाव तसंच ठेवलं. मुलाला मात्र सतराव्या प्रकरणातून उचलून सहाव्यात घरी आणलं, बाप जिवंत असताना.